ट्रेलरचे आरसे : माप मालाचे घ्या, गाडीचे नव्हे

लहान व्यापाऱ्याला किंवा कारागिराला स्वतःची गाडी असणे ही आता चैन राहिलेली नाही. उंब्रज, मसूर, चाफळ, पाटण, कराड या बाजारांना माल घेऊन जाणारे आपले कितीतरी बंधू आज जीप किंवा पिकअप स्वतः चालवतात. पाटणच्या डोंगरी भागात पावसाळ्यात चिखलाचे रस्ते तुडवावे लागतात, म्हणून काहींनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली आहे. महिंद्राच्या बोलेरो पिकअप व कॅम्पर, टाटाची योद्धा या गाड्या फोर-व्हील ड्राइव्हमध्येही मिळालेल्या आहेत. जुन्या जीप तर आहेतच. त्यातील काही मंडळी गाडीच्या मागे दोन चाकांचा ट्रेलर जोडतात. मंडपवाल्यांचे बांबू आणि कनाती, फॅब्रिकेशनवाल्यांचा जनरेटर, बागवान मंडळींचे क्रेट, पिंजारी-मन्सुरी बंधूंच्या गाद्या आणि आमच्यासारख्या कापडवाल्यांच्या गाठी, असा नाना प्रकारचा माल त्यातून जातो.

गाडी घेताना आपण इंजिन, टायर, ॲव्हरेज, पासिंग आणि कर्जाचा हप्ता यांची बारीक चौकशी करतो. ट्रेलर घेताना पाटे, चाके आणि हूक पाहतो. मात्र ट्रेलर जोडल्यानंतर मागचे काय दिसते, हे विचारणारा माणूस क्वचित भेटतो. कंपनीने गाडीला जे आरसे दिले ते गाडीच्या मापाचे असतात. मागे गाडीपेक्षा रुंद आणि उंच ट्रेलर जोडला की त्या आरशांत रस्ता दिसण्याऐवजी आपलाच माल दिसतो. अशा वेळी दांडा वाढवलेले, म्हणजे बाहेर काढता येणारे आरसे लावावे लागतात. ते कसे निवडावेत आणि कसे वापरावेत, याची माहिती या लेखात देत आहोत.

क्लीनर गेला, त्याचे काम राहिले

जुन्या काळी मालाच्या प्रत्येक गाडीवर क्लीनर असे. तो डाव्या बाजूला बसे, दारातून अंग बाहेर काढून मागे पाही आणि "येऊ दे, येऊ दे" किंवा "थांब, सायकलवाला आहे" असे ओरडून सांगे. डावी बाजू ही त्याची जबाबदारी होती. आता लहान गाडीला क्लीनर परवडत नाही. मालक हाच ड्रायव्हर, तोच हमाल आणि तोच विक्रेता. क्लीनरची जागा रिकामी झाली, पण त्याचे काम संपलेले नाही. ते आता आरशाने करायचे आहे.

याबाबतीत एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची पहिली मोटार शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाच्या शेजारी एक मेकॅनिक बसत असे आणि मागून कोण येते हे तो सांगत असे. रे हॅरून नावाचा चालक मात्र एकटाच उतरला. इतरांनी तक्रार केली, तेव्हा त्याने गाडीवर आरसा बसवला आणि शर्यतही जिंकली. पुढे त्यानेच सांगितले की, विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीच दिसत नव्हते! आरसा नुसता लावून भागत नाही, तो स्थिर असावा लागतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

माप कसे घ्यावे

आमच्या कापड धंद्यात एक साधा नियम आहे. सदरा अंगाच्या मापाने बेततात, ताग्याच्या पन्ह्यावरून नव्हे. आरशाचेही तसेच आहे. आरसा गाडीच्या मापाने न घेता मागच्या ट्रेलरच्या मापाने घ्यावा.

यासाठी मापाची टेप घ्या. ट्रेलरची सर्वांत रुंद जागा मोजा. चाकांवरचे मडगार्ड बाहेर आलेले असतील तर तेही धरा. मग गाडीची रुंदी मोजा. दोन्हींतील फरकाचे दोन भाग करा. समजा, गाडी साडेपाच फूट म्हणजे ६६ इंच आहे आणि ट्रेलर साडेसहा फूट म्हणजे ७८ इंच आहे. फरक १२ इंचांचा, म्हणजे ट्रेलर प्रत्येक बाजूला ६ इंच बाहेर आहे. आता तुमचा मूळ आरसा गाडीच्या पत्र्यापासून ७ इंच बाहेर येत असेल, तर त्यातील जेमतेम १ इंच काच ट्रेलरच्या कडेच्या पलीकडे आहे. बाकीच्या काचेत ट्रेलरचा पुढचा पत्रा दिसणार.

आमचा ठोकताळा असा की, आरशाची बाहेरची कड ट्रेलरच्या कडेपेक्षा किमान चार बोटे तरी बाहेर असावी. वरील उदाहरणात ती गाडीच्या पत्र्यापासून सुमारे १० इंच बाहेर यायला हवी. तरच ट्रेलरच्या कडेने सरळ मागे जाणारी रेषा आरशात येते आणि ट्रेलरला चिकटून मागे येणारी गाडी दिसते. मात्र १० इंचांची गरज असताना दीड फुटाचा दांडा लावू नये. जास्त लांब दांडा जास्त थरथरतो, बाजारात लोकांच्या खांद्याला लागतो आणि अरुंद गल्लीत पहिल्याच खांबावर फुटतो.

गाडीपेक्षा ट्रेलर अरुंद आणि बुटका असेल आणि मागच्या काचेतून त्याच्यावरून रस्ता दिसत असेल, तर वाढीव आरशांची गरज नाही. तेथे पैसे घालू नयेत.

डावी बाजू म्हणजे खरी कसोटी

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्यामुळे उजवा आरसा डोळ्यांपासून जवळ, सुमारे ७५ सेंटिमीटरवर असतो, तर डावा आरसा सुमारे दुप्पट अंतरावर, म्हणजे दीड मीटरवर असतो. या एका गोष्टीचा परिणाम फार मोठा आहे.

१५ सेंटिमीटर रुंदीचा सपाट आरसा दोन्ही बाजूंना लावला असे समजा. हिशेब केला तर उजव्या आरशात २० मीटर मागच्या रस्त्याची सुमारे ४ मीटर रुंदी दिसते. त्याच मापाच्या डाव्या आरशात त्याच अंतरावर फक्त सुमारे २ मीटर रुंदी दिसते. काच तीच, पण अंतर दुप्पट झाल्याने दिसणारा पट्टा निम्मा झाला.

आता आपल्या रस्त्यांवर डावीकडे काय असते ते आठवा. डावीकडून घुसणारा मोटारसायकलवाला, कडेने चालणारी शाळेची मुले, सायकलवरचा दूधवाला, महामार्गाच्या सेवा रस्त्यावरून अचानक वर येणारी रिक्षा. जी बाजू सर्वांत कमी दिसते, त्याच बाजूला सर्वांत दुबळा माणूस असतो. त्याला आपला धक्का लागला तर त्याचे घर उघडे पडते आणि आपली रोजीही बुडते. म्हणून खिशात एकाच चांगल्या आरशाचे पैसे असतील तर तो आधी डावीकडे लावावा. पुष्कळ मंडळी याच्या उलट करतात. उजवा आरसा हाताशी असतो म्हणून तो चकचकीत ठेवतात आणि डावा तुटला तरी महिनोन्‌महिने बदलत नाहीत.

सपाट काच की फुगीर काच

बाजारात दोन प्रकारच्या काचा मिळतात. सपाट काचेत गाडी आहे त्या अंतराची दिसते, पण पट्टा अरुंद असतो. फुगीर काच मधून बाहेर आलेली असते. तिच्यात पुष्कळ मोठा भाग दिसतो, पण प्रत्येक वस्तू लहान दिसते. लहान दिसणारी वस्तू माणसाच्या मनाला लांब वाटते. गफलत होते ती येथेच.

मोठ्या गाड्यांवर असते तशी साधारण फुगीर काच घेतली, तर उजव्या आरशात २० मीटरवरची बस जवळजवळ ४५ मीटरवर असल्यासारखी लहान दिसते. डावा आरसा डोळ्यांपासून लांब असल्याने त्यात ती आणखी लहान दिसते. आता वेगाचा हिशेब घाला. आपण ट्रेलर घेऊन ताशी ४० किलोमीटरने चाललो आहोत आणि मागून बस ताशी ८० किलोमीटरने येते आहे. ती दर सेकंदाला आपल्याकडे ११ मीटर सरकते. ५० मीटरवरची बस साडेचार सेकंदांत अंगावर येते. २० मीटरवरची बस तर दोन सेकंदांच्या आत पोहोचते. फुगीर काचेवर विश्वास ठेवून "अजून लांब आहे" म्हणत गाडी उजवीकडे घातली तर काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून आमची शिफारस अशी : प्रत्येक बाजूला वर मोठी सपाट काच आणि तिच्याखाली लहान फुगीर काच, असा जोड आरसा घ्यावा. अंतराचा अंदाज वरच्या काचेत घ्यायचा. शेजारी कोणी आहे की नाही, चाक कडेला लागते की नाही, हे खालच्या काचेत पाहायचे. जोड आरसा मिळत नसेल तर सपाट आरशाच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवायची गोल फुगीर काच मिळते, ती लावावी. डावीकडे फक्त एकच काच लावता येत असेल तर ती फुगीर असावी, मात्र तिच्यात पाहून अंतर ठरवू नये.

आरशांचे प्रकार

पहिला प्रकार पट्ट्याचा. मूळ आरशावरच पट्टे किंवा स्क्रू आवळून वाढीव आरसा बसवतात. स्वस्त असतो, पाच मिनिटांत लागतो आणि निघतो. महिन्यातून दोन-तीनदा ट्रेलर जोडणाऱ्याला हा पुरतो. मात्र मूळ आरशाचे कवच प्लॅस्टिकचे आणि सैल असेल तर त्याच्यावर दुसऱ्याचा भार टाकण्यात अर्थ नाही. खराब रस्त्यावर तो हळूहळू फिरतो, म्हणून प्रत्येक थांब्यावर हात लावून पाहावे.

दुसरा प्रकार दाराचा. मूळ आरसा काढून त्या जागी दांड्याचा आरसा बसवतात. दांडा आत-बाहेर सरकतो आणि आरसा मागे दुमडता येतो. परदेशात, विशेषतः ऑस्ट्रेलियात, फोर-व्हील ड्राइव्हच्या मागे कॅरॅव्हान म्हणजे चाकांवरचे घर ओढणारे लोक हाच प्रकार पसंत करतात. ब्रिटनमध्येही मागचा कॅरॅव्हान गाडीपेक्षा रुंद असेल तर वाढीव आरसे लावतात. रोज ट्रेलर ओढणाऱ्याने हा प्रकार घ्यावा. आपल्या गाडीच्या मॉडेलला नेमका बसणारा आरसा मिळतो का, हे मात्र आधी पाहावे. "बसवून देतो" म्हणणाऱ्याने दाराला नवी भोके पाडण्याआधी दहादा विचार करावा.

तिसरा प्रकार ट्रकचा आरसा. ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात लांब दांड्याचे मजबूत आरसे मिळतात. चांगला वेल्डर असेल तर जुन्या जीपच्या काचेच्या चौकटीवर किंवा मडगार्डवर ब्रॅकेट करून ते बसवता येतात. दार नसलेल्या किंवा ताडपत्रीचे दार असलेल्या जीपला हाच मार्ग आहे. मडगार्डवरचा आरसा डोळ्यांपासून लांब जातो, त्यामुळे वर सांगितल्याप्रमाणे पट्टा अरुंद होतो, हे ध्यानात ठेवून काच मोठी घ्यावी.

कोणताही प्रकार घेतला तरी काच पाहूनच घ्यावी. दुकानात आरसा हातात धरून विजेची तार किंवा दुकानाची पाटी त्यात पाहा. आरसा हळू फिरवला तर सरळ रेषा सरळच दिसली पाहिजे. सपाट म्हणून दिलेल्या काचेत रेषा लाटेसारखी हलली तर ती काच घेऊ नये. गाडीच्या आरशांसाठी आपल्याकडे एआयएस-००१ हे मानक आहे. त्याप्रमाणे बनवलेला माल मागावा. घरातील आरशाची काच कापून बसवण्याची काटकसर कधीही करू नये. ती फुटली की तिचे धारदार तुकडे तोंडावर येतात.

बसवताना घ्यायची काळजी

एका दांड्यावर लोंबकळणारा आरसा थरथरतोच. वर आणि खाली असे दोन आधार असलेला दांडा घ्यावा. पत्र्याच्या आतून लोखंडी पट्टी देऊन नटबोल्ट आवळावेत, नाहीतर दार आपटून आपटून पत्रा फाटतो. पत्रा आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये रबराचा तुकडा द्यावा. तो थरथर कमी करतो आणि पाणी आत जाऊन गंज चढू देत नाही. सुटू नये म्हणून नायलॉन असलेला नट वापरावा. चाचणी सोपी आहे. इंजिन चालू करून गाडी उभी ठेवा आणि मागच्या गाडीचा नंबर आरशात वाचून पाहा. वाचता आला नाही तर आधार वाढवा.

जुळवणी माल भरल्यावरच करावी

रिकाम्या गाडीत जुळवलेले आरसे भरलेल्या गाडीला उपयोगी पडत नाहीत. मागे वजन पडले की पाटे दबतात, गाडीचे तोंड वर होते आणि आरसा खाली पाहू लागतो. त्यात नुसता रस्ता दिसतो आणि लांबून येणारी गाडी दिसत नाही. म्हणून ट्रेलर जोडून, माल भरून, सपाट जागेवर, आपण नेहमी बसतो तसे बसून आरसे जुळवावेत.

सपाट काचेत आतल्या कडेला ट्रेलरची बाजू थोडीशी, काचेच्या दहाव्या हिश्शाइतकीच दिसावी. बाकीचा रस्ता असावा. आकाश व जमीन जेथे मिळतात ती रेषा काचेच्या मध्याच्या थोडी वर असावी. खालच्या फुगीर काचेत ट्रेलरचे चाक आणि त्याच्या शेजारची जमीन दिसावी.

मग बाजाराच्या रिकाम्या पटांगणात एक चाचणी जरूर करावी. ट्रेलरच्या २० मीटर मागे एका माणसाला उभे करा. त्याला ट्रेलरच्या बरोबर मागून सुरुवात करून हळूहळू डावीकडे सरकायला सांगा. तो कोठे दिसू लागतो आणि कोठे नाहीसा होतो, तेथे चुन्याने खूण करा. नंतर तोच माणूस मोटारसायकल ढकलत मागून डाव्या बाजूने आपल्या दारापर्यंत येऊ दे. एक जागा अशी सापडेल की तो आरशातूनही गेलेला असेल आणि खिडकीतूनही दिसत नसेल. ती आपल्या गाडीची आंधळी जागा. उजव्या बाजूलाही असेच करा. चांगल्या आरशाने ही जागा लहान होते, पण पूर्णपणे संपत नाही. म्हणून वळण्याआधी आरसा पाहून झाला तरी मान वळवून एकदा पाहावेच. गाडी दोघे भाऊ चालवत असतील तर प्रत्येकाने आपल्या उंचीप्रमाणे आरसे पुन्हा जुळवावेत.

रस्त्यावर वापर

उंब्रज पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणत, आता त्याचा क्रमांक ४८ आहे. या रस्त्यावर रात्रंदिवस आराम बस आणि कंटेनर धावतात. त्यात उसाचा हंगाम सुरू झाला की यशवंतनगरच्या सह्याद्री कारखान्याकडे आणि इतर कारखान्यांकडे जाणारे, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आसपासच्या सर्व रस्त्यांवर दिसू लागतात. अशा ट्रॉलीच्या मागे आपण आलो की घाई होते. अशा वेळी क्रम पाळावा. आधी उजव्या सपाट काचेत पाहा, तीन आकडे मोजा आणि पुन्हा पाहा. मागची गाडी दोन नजरांत किती मोठी झाली, त्यावरून तिचा वेग कळतो. मग दिवा द्या, पुन्हा एकदा पाहा आणि तेव्हाच बाहेर पडा. पुढे गेल्यावर डावीकडे परतताना ट्रॅक्टरचे तोंड डाव्या सपाट काचेत पूर्ण दिसेपर्यंत आत येऊ नये. आपल्या मागे ट्रेलर आहे, हे विसरून आत घेणारे लोकच अपघात करतात.

वळणावर ट्रेलरची चाके गाडीच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूने जातात. पाटणकडून कोयनानगरमार्गे कुंभार्ली घाट उतरताना डावे वळण आले की ट्रेलर डाव्या कठड्याकडे ओढला जातो. अशा वेळी डाव्या खालच्या काचेत ट्रेलरच्या चाकावर नजर ठेवावी आणि वळण थोडे मोठे घ्यावे. बाहेरच्या बाजूचा आरसा त्या क्षणी भलतीकडे पाहत असतो, त्याच्यावर विसंबू नये.

ट्रेलर मागे घेणे हे नव्या माणसाला फार अवघड जाते, कारण तो स्टिअरिंगच्या उलट जातो. याला एक सोपी युक्ती आहे. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलरची शेपूट डावीकडे जाते, उजवीकडे नेला की उजवीकडे जाते. सरळ मागे जायचे असेल आणि ट्रेलर एका आरशात जास्त दिसू लागला, तर स्टिअरिंग त्याच आरशाकडे थोडे वळवा, तो सरळ होतो. चिखलात किंवा चढावर मागे घेताना फोर-व्हील ड्राइव्हचा लो गियर फार कामाचा आहे, कारण गाडी मुंगीच्या पावलाने सरकते आणि दोन्ही आरसे पाहायला फुरसत मिळते. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर मात्र जुन्या पद्धतीचा फोर-व्हील गियर लावून तीव्र वळण घेऊ नये, गियरच्या भागांवर ताण येतो. ट्रेलरच्या मागे लावायचे कॅमेरेही आता मिळतात. मागे घेताना त्यांचा उपयोग आहे, पण धावत्या रस्त्यावर ते आरशाची जागा घेत नाहीत.

बाजारात शिरताना दांडे आत घ्या. ट्रेलर सोडून ठेवला की लगेच आरसे मूळ जागी आणा. बाहेर आलेला आरसा नेमका चालत्या माणसाच्या खांद्याच्या किंवा तोंडाच्या उंचीवर असतो. मशिदीसमोर, शाळेसमोर आणि बाजाराच्या तोंडाशी याची विशेष काळजी घ्यावी.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे गाडीची एकूण रुंदी मोजताना आरसा त्यात धरला जात नाही. त्यामुळे आरसा बाहेर आला म्हणून गाडी रुंद ठरत नाही. मालाचे तसे नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे माल गाडीच्या बाजूने बाहेर आला, किंवा पुढे, मागे अथवा उंचीने मर्यादेबाहेर गेला, तर २०,००० रुपये दंड सांगितला आहे आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी येतो. म्हणजे आरसा बाहेर आलेला चालतो, माल बाहेर आलेला चालत नाही. वाढीव आरसे लावले म्हणून गाद्या किंवा गाठी दोन्ही बाजूंना लोंबत ठेवण्याचा परवाना मिळाला, असे कोणी समजू नये. आरसे हे रुंद ट्रेलरसाठी आहेत, बेशिस्त भरणीसाठी नाहीत.

दुसरी गोष्ट, कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी लागते. गावात वेल्डिंग करून बनवलेला, नंबर नसलेला ट्रेलर जोडून महामार्गावर जाऊ नये. आपल्या गाडीला किती वजनाचा ट्रेलर चालतो, हूक मान्य आहे का आणि विम्यात ट्रेलरची नोंद झाली आहे का, हे कराडच्या आरटीओ कार्यालयात व विमा कार्यालयात जाऊन विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

निगा

आरसा रोज सकाळी पुसावा, पण कोणत्याही चिंधीने नव्हे. कापडवाले म्हणून एवढे सांगू शकतो की, नव्या सुती कापडात खळ असते, ती काचेवर पांढरे ओरखडे सोडते. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, नुसते पसरवते. अनेकदा धुतलेले जुने सुती कापड, मलमल किंवा धोतर, हेच सर्वांत चांगले. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्या, मगच पुसा. कोरड्या धुळीवर घासले तर चरे पडतात आणि रात्री मागच्या दिव्यांचा उजेड त्या चऱ्यांत पसरतो. काच पिवळी पडली, मागचा मुलामा कडेने काळा होऊ लागला किंवा तडा गेला, तर तेव्हाच बदलावी. दर आठवड्याला नट आवळावेत आणि दांड्याच्या सरकत्या भागाला तेलाचा एक थेंब द्यावा.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. आरसा दाखवतो, थांबवत नाही. ट्रेलरचे मागचे दिवे, लाल रिफ्लेक्टर, साखळी आणि ब्रेक ठीक नसतील तर दोन्ही बाजूंचे उत्तम आरसे असूनही उपयोग नाही. पण हे सर्व ठीक असताना केवळ डावीकडचे दिसले नाही म्हणून एखाद्या गरिबाच्या पोराला धक्का लागावा, हे धंद्यातल्या कोणत्याही नफ्याने भरून येणारे नुकसान नव्हे. येत्या बाजारच्या दिवसाआधी टेप घेऊन गाडी आणि ट्रेलर मोजा, एका माणसाला मागे उभा करून डावा आरसा तपासा आणि गरज असेल तर मापाचा आरसा बसवून मगच माल भरा.